मारधाडीचे गेम आणि सिनेमे मुलांना गुन्ह्याकडे नेतात का?

एखाद्या अल्पवयीन मुलाने कुणावर चाकू चालवला की बातमीचा क्रम ठरलेला असतो. आधी घटना, मग मुलाचं वय, आणि दोन दिवसांत त्याच्या मोबाइलमधले गेम, त्याने पाहिलेल्या वेब सिरीज, सेव्ह करून ठेवलेले रील. तोच गेम आपल्याही मुलाच्या मोबाइलमध्ये असतो आणि पालकांच्या पोटात गोळा येतो.

या प्रश्नावर साठ वर्षांहून जास्त काळ संशोधन चाललं आहे. त्याचा निष्कर्ष थोडक्यात असा: हिंसक दृश्यांचा मुलांच्या वागण्यावर परिणाम होत असलाच तर तो फार लहान आहे, आणि तो गुन्ह्यापर्यंत पोचतो असं म्हणायला पुरेसा आधार मिळालेला नाही. मात्र या वादात दोन्ही बाजूंनी बरंच अर्धवट बोललं जातं. त्यामुळे मुळापासून सुरुवात केलेली बरी.

आधी तीन शब्द वेगळे करू

आक्रमकता म्हणजे दुसऱ्याला दुखवण्याच्या हेतूने केलेली कोणतीही कृती. टोमणा मारणं, रागाने ढकलणं, एखाद्याला मुद्दाम खेळातून वगळणं, हे सगळं त्यात येतं. हिंसा ही त्यातली टोकाची, गंभीर शारीरिक इजा करणारी कृती. आणि गुन्हा म्हणजे कायद्याने शिक्षापात्र ठरवलेलं वर्तन. त्यात हिंसा असेलच असं नाही, साधी चोरीही गुन्हाच असते.

या विषयावरचे बहुतेक अभ्यास यातली पहिली गोष्ट मोजतात. मथळे तिसऱ्या गोष्टीचे होतात. ‘गेममुळे आक्रमकता वाढते’ असं एखाद्या शोधनिबंधात असेल, तर तिथे आक्रमकता म्हणून नेमकं काय मोजलं हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. अर्धा गोंधळ तिथेच सुटतो.

प्रयोगशाळेत काय मोजलं जातं?

सगळ्यात गाजलेला प्रयोग १९६१ चा. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतली ७२ मुलं निवडली, साधारण तीन ते सहा वर्षांची. काही मुलांसमोर एका मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बाहुल्याला बुक्क्या मारल्या, लाकडी हातोडीने ठोकलं, हवेत भिरकावलं. नंतर मुलांना छान खेळण्यांच्या खोलीत नेलं आणि खेळ रंगात येताच ‘ही खेळणी दुसऱ्या मुलांसाठी आहेत’ असं सांगून बाहेर काढलं. म्हणजे मुलं मुद्दाम चिडवली. मग त्यांना बाहुला असलेल्या खोलीत सोडलं. ज्यांनी मारहाण पाहिली होती, त्यातल्या अनेकांनी तीच हुबेहूब करून दाखवली. १९६३ मध्ये हेच फिल्म दाखवून केलं, निकाल तसाच आला.

मुलं पाहून शिकतात हे यातून पक्कं झालं. पण तो बाहुला मारण्यासाठीच बनवलेला होता, मारला की पुन्हा उभा राहणारा. कुणाला दुखत नव्हतं, कुणी रडत नव्हतं. १९६५ चा पुढचा प्रयोग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचं नाव क्वचितच निघतं. त्यात फिल्मच्या शेवटी मारणाऱ्या माणसाला काही मुलांनी बक्षीस मिळताना पाहिलं, काहींनी शिक्षा होताना, तर काहींच्या फिल्ममध्ये दोन्हीपैकी काहीच झालं नाही. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी नक्कल कमी केली. पण ‘जे पाहिलंस ते करून दाखव, बक्षीस देतो’ म्हटल्यावर त्यांनाही ते सगळं जमत होतं. शिकली तिन्ही गटांतली मुलं. करायचं की नाही, हे परिणाम पाहून ठरलं. पाहिलेलं शिकणं आणि शिकलेलं करणं यांच्यामध्ये भलं मोठं अंतर आहे. घर, शाळा, मित्र, भीती, लाज, सगळं त्या अंतरात येतं.

नंतरच्या काळात गेमवरचे प्रयोग सुरू झाले. त्यांची पद्धत साधारण अशी: कॉलेजातल्या मुलांपैकी अर्ध्यांना पंधरा-वीस मिनिटं हिंसक गेम खेळायला द्यायचा, अर्ध्यांना शांत गेम. मग सांगायचं की पलीकडे एक न दिसणारा प्रतिस्पर्धी आहे, बटण आधी दाबणारा जिंकेल आणि हरणाऱ्याच्या हेडफोनमध्ये आवाजाचा झटका सोडेल. तो आवाज किती मोठा आणि किती वेळ ठेवला, ती तुमची आक्रमकता. दुसऱ्या एका पद्धतीत, तिखट न आवडणाऱ्या अनोळखी माणसाला किती तिखट सॉस वाढला ते मोजतात.

इथे दोन ठिकाणी घोळ होतो. पहिला मापनाचा. आवाजाची पट्टी धरायची की वेळ, दोन्हींचा गुणाकार की फक्त पहिली फेरी, याला एक ठरलेला नियम नाही. जर्मन संशोधक माल्टे एल्सन यांनी तपासलं तेव्हा या एकाच चाचणीचे गुण शंभराहून अधिक वेगवेगळ्या रीतींनी काढलेले आढळले. इतकी मोकळीक असली की हवा तो निकाल कुठल्या ना कुठल्या हिशेबात सापडतो, संशोधक प्रामाणिक असला तरीही. दुसरा घोळ तुलनेचा. हिंसक गेम बहुधा वेगवान, अवघड आणि चुरशीचा असतो, शांत गेम सोपा. मग चिडचिड रक्तामुळे झाली की हरण्यामुळे? कॅनडातल्या संशोधकांनी २०११ मध्ये चुरस सारखी असलेले हिंसक आणि अहिंसक गेम शेजारी ठेवून पाहिले. चुरस सारखी ठेवल्यावर हिंसेचा वेगळा परिणाम दिसला नाही. चुरस वाढवली तेव्हा आक्रमकता वाढली.

आकडा लहान म्हणजे किती लहान?

अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करून एक सरासरी काढण्याला मेटा-विश्लेषण म्हणतात. त्यात बहुतेकदा सहसंबंध गुणांक दिलेला असतो. दोन गोष्टी किती सोबतीने वाढतात-घटतात हे सांगणारा हा आकडा: ० म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण बांधलेल्या.

२०१० मध्ये मानसशास्त्रज्ञ क्रेग अँडरसन आणि सहकाऱ्यांनी १,३०,००० हून जास्त लोकांवरचे अभ्यास एकत्र केले. गेम आणि आक्रमक वर्तन यांच्यातला गुणांक ०.१५ ते ०.२ च्या आसपास आला. ख्रिस्तोफर फर्ग्युसन यांनी २०१५ मध्ये मुलांवरच्या १०१ अभ्यासांमधून काढलेला आकडा साधारण ०.०६. २०१८ मध्ये तिसऱ्या गटाने फक्त दीर्घकाळ मुलांचा माग ठेवणारे २४ अभ्यास घेतले, एकूण १७,००० हून जास्त मुलं. आकडा आला ०.११, आणि मुलाचं लिंग, घरची स्थिती वगैरे गोष्टींचा हिशेब धरल्यावर ०.०८.

एकमेकांशी कडाडून भांडणाऱ्या या गटांचे आकडे प्रत्यक्षात फार दूर नाहीत. गुणांकाचा वर्ग केला की फरकातला वाटा कळतो: ०.१ चा वर्ग ०.०१. म्हणजे मुला-मुलांच्या आक्रमकतेत जो फरक असतो, त्यातला जेमतेम १ टक्का गेमशी जोडता येतो. उरलेला ९९ टक्के दुसऱ्या कारणांचा. शिवाय परिणाम दिसला तो अभ्यास छापून येतो आणि न दिसलेला कपाटात पडून राहतो, त्यामुळे ही सरासरीही थोडी फुगलेली असण्याचा संभव आहे. २०१७ मध्ये अँडरसन यांचीच आकडेवारी पुन्हा तपासली गेली, तेव्हा प्रयोगांच्या निकालांत अशी फुगवट असल्याच्या खुणा मिळाल्या.

हा धोका टाळण्यासाठी ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये वेगळी शिस्त पाळली. आकडेमोड कशी करणार हे आधीच जाहीर केलं, म्हणजे नंतर सोयीने बदलता येऊ नये. ब्रिटनमधली १४-१५ वर्षांची १,००४ मुलं घेतली. गेम हिंसक आहे की नाही हे मुलांना न विचारता अधिकृत वयोमर्यादेच्या मानांकनावरून ठरवलं. मुलाच्या आक्रमकतेची माहिती घरच्या मोठ्यांकडून घेतली. हिंसक गेम आणि आक्रमकता यांत संबंध सापडला नाही.

आधी काय, मग काय?

मारकुटं मूल मारधाडीचे गेम खेळतं असं दिसलं, तर गेममुळे ते मारकुटं झालं की मारकुटं असल्यामुळे तो गेम त्याने निवडला? मुलगे मुलींपेक्षा हिंसक गेम जास्त खेळतात. मुलगे शारीरिक हाणामारीही जास्त करतात. एवढ्या एका गोष्टीनेही दोन्हींचा संबंध कागदावर उमटतो, गेमने काहीच केलं नसलं तरी.

आणि गुन्हेगार मुलापासून मागे जाऊन गेम शोधणं ही तर त्याहून मोठी चूक. अपघात करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक चालकाने त्या दिवशी सकाळी दात घासलेले असतात, म्हणून दात घासण्याला कुणी अपघाताचं कारण म्हणत नाही. किशोरवयीन मुलग्यांमध्ये गेम खेळणं इतकं सर्रास आहे की कुठल्याही कारणाने पकडलेल्या मुलाच्या मोबाइलमध्ये तो सापडणारच. विचारायला हवा तो प्रश्न उलटा आहे: हा गेम खेळणाऱ्या कोट्यवधींपैकी कितीजणांनी गुन्हा केला, आणि न खेळणाऱ्यांपैकी कितीजणांनी?

रस्त्यावरचे गुन्हे काय सांगतात?

अमेरिकेत अल्पवयीनांच्या हिंसक गुन्ह्यांतल्या अटका १९९४ मध्ये शिखरावर होत्या. त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत गेम घराघरांत पोचले, त्यांतलं रक्त खऱ्यासारखं दिसू लागलं, आणि २०२० पर्यंत त्या अटका शिखराच्या तुलनेत साधारण ७८ टक्क्यांनी घसरल्या. गेममुळे गुन्हे घटले असं यावरून म्हणता येणार नाही. गुन्ह्यांच्या चढउतारामागे पन्नास कारणं असतात. पण गेममुळे गुन्हे लक्षणीय वाढत असते, तर इतक्या मोठ्या लाटेचा काहीतरी ठसा या आलेखावर उमटायला हवा होता.

सिनेमाबद्दलचा एक अभ्यास तर अपेक्षेच्या अगदी उलट निघाला. गॉर्डन डाल आणि स्टेफानो डेलाविन्या या अर्थशास्त्रज्ञांनी १९९५ ते २००४ मधली अमेरिकेतली रोजची प्रेक्षकसंख्या आणि रोजचे मारहाणीचे गुन्हे जुळवून पाहिले. ज्या दिवशी हिंसक सिनेमाला गर्दी, त्या संध्याकाळी आणि त्या रात्री मारहाण कमी. दहा लाख जास्त प्रेक्षकांमागे हिंसक गुन्हे साधारण १ टक्क्याहून थोडे अधिक घटत होते. कारण साधं आहे. मारामारीकडे कल असलेली तरुण पोरं त्या दोन-तीन तासांत थिएटरमध्ये बसलेली असतात, रस्त्यावर नसतात आणि पीतही नसतात. मध्यरात्रीनंतरही घट टिकते, कारण संध्याकाळ दारूशिवाय गेलेली असते. पुढच्या काही आठवड्यांत गुन्हे उसळी मारतात का, हेही त्यांनी पाहिलं. तसं काही आढळलं नाही.

‘पण टीव्ही आल्यावर मुलं बिघडली असं सिद्ध झालंय ना?’

हा आक्षेप पोकळ नाही. कॅनडातल्या एका गावात १९७३ पर्यंत टीव्हीचं प्रक्षेपण पोचत नव्हतं. ते आल्यावर दोन वर्षांनी मैदानावरची मुलांची ढकलाढकली आणि शिवीगाळ वाढलेली नोंदवली गेली. शिकागोमध्ये १९७७ पासून माग ठेवलेल्या मुलांमध्येही, लहानपणी हिंसक कार्यक्रम जास्त पाहणारे पंधरा वर्षांनी जास्त आक्रमक निघाले. दुसरीकडे, सेंट हेलेना या दूरच्या बेटावर १९९५ मध्ये टीव्ही आला, तिथल्या मुलांचं वागणं आधी आणि नंतर नोंदवलं गेलं, आणि बिघाड दिसला नाही. लहानशा, सगळे सगळ्यांना ओळखतात अशा त्या वस्तीत मुलांवर मोठ्यांची नजर कायम होती, हे त्याचं एक कारण सांगितलं जातं.

गुन्ह्याच्या नोंदींपर्यंत जाणारा अभ्यास न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहराचा. १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा माग ठेवल्यावर २०१३ मध्ये दिसलं की लहानपणी शाळेच्या दिवसांत रोज एक तास जास्त टीव्ही पाहणाऱ्यांमध्ये तरुणपणी शिक्षा होण्याची शक्यता साधारण ३० टक्क्यांनी जास्त होती. हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. पण तिथे तास मोजले होते, हिंसा नव्हे. कार्यक्रम कुठले होते याची नोंदच नव्हती. रोज तासन् तास पडद्यासमोर बसलेल्या मुलाच्या आयुष्यातून अभ्यास, मैदान, मोठ्यांशी बोलणं यातलं काहीतरी वजा होत असतं. माझ्या मते पालकांनी काळजी करायचीच तर या वजाबाकीची करावी.

‘लहान परिणामही कोट्यवधी मुलांवर झाला तर मोठाच की!’

तर्क बरोबर आहे, आणि अनेक आजारांच्या बाबतीत तो खराही ठरतो. पण त्यासाठी मोजलेला लहान परिणाम मूळ आजाराचाच असावा लागतो. इथे मोजलेला परिणाम आवाजाचा झटका किंवा ‘मला लवकर राग येतो’ या वाक्यापुढची खूण आहे. तिथून चाकूपर्यंत सरळ रेष ओढता येत नाही. आणि जिथे थेट गुन्ह्यांची आकडेवारी तपासली, तिथे हा जमा झालेला परिणाम सापडत नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन ही मानसशास्त्रज्ञांची संघटना गेम आणि आक्रमकता यांत लहान संबंध आहे असं मानते. त्याच संघटनेने २०२० मध्ये स्पष्ट केलं की प्रत्यक्ष हिंसाचाराचं खापर गेमवर फोडण्याइतका पुरावा नाही.

‘पण त्याने सिनेमातल्यासारखंच केलं!’

असं घडतं. कपडे, शस्त्र, संवाद उचललेले दिसतात. इथे हेतू आणि पद्धत यांत फरक करावा लागतो. दुखावण्याचा हेतू आधीच पक्का झालेल्याला पडदा एखादी पद्धत पुरवू शकतो. हेतू तयार व्हायची जागा बहुतेक वेळा दुसरीच असते.

नक्कलीचा सगळ्यात ठोस पुरावा कल्पित कथांपेक्षा खऱ्या बातम्यांबद्दल आहे. आत्महत्येची बातमी पद्धतीच्या तपशिलांसह, मोठ्या फोटोसह, वारंवार छापली की त्यानंतर आत्महत्या वाढतात हे अनेक देशांत दिसलं आहे. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने अशा वार्तांकनासाठी सूचना काढल्या आहेत. हल्लेखोर मुलाचा चेहरा आणि त्याची ‘स्टाइल’ दिवसभर दाखवणाऱ्या वाहिन्यांनी गेमवर चर्चा ठेवण्याआधी या सूचना वाचाव्यात.

सुटून जाते ती गोष्ट

अमेरिकेच्या सिक्रेट सर्व्हिस आणि शिक्षण खात्याने १९७४ ते २००० या काळातल्या ३७ शालेय हल्ल्यांचा आणि त्यातल्या ४१ हल्लेखोर मुलांचा बारकाईने अभ्यास केला. तो अहवाल २००२ चा. हिंसक गेमची आवड दाखवणारी मुलं त्यात सुमारे १२ टक्के होती, हिंसक सिनेमांची २७ टक्के. स्वतःच्याच वहीत हिंसक लिखाण करणारी ३७ टक्के. जवळजवळ तीन-चतुर्थांश मुलांना हल्ल्याआधी आपला छळ होतोय, आपल्याला लक्ष्य केलं जातंय असं वाटत होतं. दोन-तृतीयांश मुलांनी बंदूक स्वतःच्या किंवा नातेवाइकाच्या घरातून घेतली होती. आणि पाचपैकी चार प्रकरणांत कुणाला तरी, बहुतेकदा दुसऱ्या मुलाला, आधीपासून माहीत होतं.

म्हणजे आधी कळू शकत होतं. मोबाइलमधल्या गेमवर खिळलेली नजर नेमकी इथून हटते, आणि गेमच्या वादाचं सगळ्यात मोठं नुकसान हेच आहे.

घरात कशाकडे पाहायचं?

सहा वर्षांखालच्या मुलांबाबत कडक राहावं, पण कारण वेगळं आहे. या वयात खरं आणि खोटं यांची सीमा पुसट असते. हिंसक दृश्यांनी भीती बसते, झोपेत दचकणं सुरू होतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१६ मध्ये सहा वर्षांखालच्या मुलांना पडद्यावरच्या हिंसेपासून दूर ठेवा असंच सांगितलं. बातम्यांमधली खरी मारहाण यात आलीच.

मोठ्या मुलांच्या बाबतीत गेमच्या नावापेक्षा तीन गोष्टी जास्त सांगून जातात. तो रात्री किती वाजता बंद होतो, कारण झोप कमी पडली की रागावरचा ताबा आधी सुटतो. हेडफोनवर पलीकडे कोण आहे, ओळखीची मुलं की अनोळखी मोठी माणसं. आणि खेळ थांबवायला सांगितल्यावर काय होतं. कुरकुर रोजचीच असते. वस्तू फोडणं किंवा अंगावर येणं मात्र गेमच्या पलीकडचं दुखणं आहे.

मोबाइलचा खरा धोका बऱ्याचदा चॅटमध्ये असतो. अपमानाचा व्हिडिओ फिरतो, ग्रुपवर ‘ये बाहेर, दाखवतो’ सुरू होतं, पन्नास जण बघत असतात आणि माघार घेणं नामुष्कीचं होतं. मित्र बघत असताना किशोरवयीन मुलं एकट्यापेक्षा जास्त धोका पत्करतात, हे गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये गाडी चालवण्याच्या एका खेळातून दाखवलं होतं. ग्रुपमध्ये हे बघणारे डोळे चोवीस तास असतात.

धमकीत विशिष्ट माणूस, दिवस किंवा जागा आली असेल, किंवा हत्याराचा उल्लेख असेल, तर ती गंमत समजू नये. आधी स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ दिसेल असा. मग हत्यार होऊ शकेल असं जे घरात आहे ते कुलपात टाका. मुलाला सरळ विचारा: ‘कुणाला मारायचा विचार करतोयस का?’ विचारल्याने कल्पना डोक्यात येत नाही. त्याच दिवशी शाळेतल्या जबाबदार व्यक्तीशी आणि धोका जवळचा वाटला तर पोलिसांशी बोला. मोबाइल हिसकावून गेम उडवणं ही पहिली प्रतिक्रिया असते आणि ती नडते. पुरावा पुसला जातो, मूल दुसऱ्याच्या मोबाइलवर जातं, आणि तुम्हाला सांगणारं जे एकच माणूस होतं, म्हणजे ते मूल, तेच गप्प होतं.

काय केल्याने गुन्हे घटले?

मुलांना तुरुंग दाखवून, कैद्यांकडून दरडावून घाबरवण्याचे कार्यक्रम अनेक ठिकाणी लोकप्रिय झाले. काटेकोर चाचण्यांत ते निरुपयोगी नव्हे, तर घातक ठरले. त्यातून गेलेल्या मुलांनी न गेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे केले.

शिकागोत ‘बिकमिंग अ मॅन’ नावाचा कार्यक्रम उलट दिशेने गेला. शाळेच्या वेळेत छोट्या गटांत मुलांना राग आल्यावर पहिली प्रतिक्रिया देण्याआधी थांबून परिस्थिती पुन्हा वाचायचा सराव दिला. कुणाला घ्यायचं हे सोडतीने ठरवलेलं असल्याने तुलना चोख होती. कार्यक्रमाच्या काळात हिंसक गुन्ह्यांतल्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी घटल्या. त्याच शहरात जास्त हिंसा असलेल्या भागांतल्या शाळांमधल्या १,६३४ मुलांपैकी सोडतीने निवडलेल्यांना उन्हाळ्यात आठ आठवडे अर्धवेळ नोकरी दिली गेली. पुढच्या सोळा महिन्यांत त्यांच्या हिंसक गुन्ह्यांतल्या अटका ४३ टक्क्यांनी कमी निघाल्या. त्यातली बहुतेक घट नोकरी संपल्यानंतरची होती, म्हणजे हातात काम असल्याने वेळ मिळाला नाही एवढंच त्याचं कारण नव्हतं. या दोन्ही कार्यक्रमांत मुलांच्या गेमला किंवा सिनेमांना कुणी हात लावला नव्हता.